रंजनाबाई समोर बसल्या की पडदा काळा

आमच्या गावात शिलाई मशीन बिघडलं की कुणी मेकॅनिकला फोन करत नाही. सरळ उचलून रंजनाबाईंच्या ओट्यावर आणून ठेवतात. गाव तापीकाठचं, प्रकाशा गावच्या पुलापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. रंजनाबाई म्हणजे धर्मेंद्रभाऊ पाटलांच्या घरच्या. केळीची बाग, थोडा ऊस, आणि पुढच्या खोलीत आठ मशीनचा शिवणक्लास. त्या घरात गुजरी, म्हणजे गुजर समाजाची गुजरातीच्या जवळची बोली, बोलतात, ओट्यावर अहिराणी आणि क्लासात कुणाची मोठी चूक सापडली तर शुद्ध मराठी. "कामिनी, हे काय केलंस तू?" असं त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं की मी पुढचं ऐकायलाही थांबत नाही, शिवण उसवायला घेते.

लग्नात त्यांनी माहेराहून पायमशीन आणलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात ते धागा गुंतवायला लागलं. शहाद्याचा मेकॅनिक महिन्यातून एकदा यायचा आणि तो दोनच दिवसांपूर्वी येऊन गेला होता. एकोणीस वर्षांच्या नव्या सुनेने नवऱ्याच्या मोटारपंपाच्या पेटीतून पेचकस काढला, मशीन उघडलं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू परातीत ओळीने मांडत गेली. सासूबाई दुपारभर परात मागत राहिल्या. "आत्ता नाही, क्रम मोडेल," एवढंच उत्तर. शेवटी त्या दिवशी पीठ पातेल्यात मळलं गेलं. दिवेलागणीच्या आत मशीन सुरळीत चालायला लागलं आणि पहिली शिवण पडली ती सासूबाईंच्याच उसवलेल्या पोलक्यावर.

तेव्हापासून त्यांची एक रीत आहे. बिघडलेल्या वस्तूला हात लावायच्या आधी त्या माणसाला विचारतात, "कवयपासून शे? आनि तवय तू काय करी ऱ्हायंती?" म्हणजे कधीपासून आहे, आणि तेव्हा तू काय करत होतीस? शेजारच्या फुलीबाईंचं मशीन टाके सोडायला लागलं, तेव्हाही हेच विचारलं. फुलीबाईंनी आठवून आठवून सांगितलं की काही नाही, फक्त नवी सुई बसवली. सुई उलटी बसली होती. रंजनाबाई म्हणतात, मशीन आपणहून बिघडत नाही, माणूस काहीतरी करतो आणि मग विसरतो. ही रीत त्यांना स्वतःवरच लावायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

त्यांची मुलगी भूमिका सुरतेला एका कापड कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिने आपला जुना लॅपटॉप आईला दिला. दोन महिने तो उत्तम चालला. रंजनाबाई त्यावर गळ्यांचे नवे नमुने बघायच्या आणि आम्हाला दाखवायच्या. मग संक्रांतीनंतर भूमिकाला एक कल्पना सुचली. सुरत, नवसारी, बारडोली या भागातल्या बायकांना आईने दर रविवारी चार वाजता ऑनलाइन शिकवायचं. गुजराती रंजनाबाईंना येतच होती, आणि त्यांचं एक कसब असं की बाई दारातून आत येताना नुसती बघून त्या ब्लाउजचं माप सांगतात आणि मग टेप लावली तरी बोटभराचा फरक निघत नाही. भूमिकाने ऑफिसात आणि नातेवाइकांत सांगितलं. पहिल्या रविवारी तेवीस बायका जमल्या.

आम्ही आठही जणी नव्या साड्या नेसून मागे बसलो होतो, दिसलोच तर बरं दिसावं म्हणून. रंजनाबाईंनी कटोरी ब्लाउजचा कागद पसरला, खडूने रेघ मारली, "हवे अहीं टाचणी", आता इथे टाचणी, असं गुजरातीत म्हणून पुढे वाकल्या, डावा हात लॅपटॉपच्या कडेला टेकवला आणि पडदा काळा झाला.

बटणाजवळचा छोटा दिवा तेवढा सावकाश लुकलुकत होता, लॅपटॉप झोपला की लुकलुकतो तसा. रंजनाबाईंनी झाकण मिटून पुन्हा उघडलं. काळा. बटण दाबलं. काळा. आमच्या मागून फुलीबाई म्हणाल्या, "झोपू द्या त्याले, थकना व्हई." एक जण हसली, मग दुसरी. रंजनाबाईंनी मागे वळून बघितल्यावर आम्ही गप्प झालो, पण हसू आतल्या आत चालूच होतं.

सुरतेहून भूमिकाचा फोन आला. रंजनाबाईंनी मोबाइल डाव्या हाताने कानाला लावला आणि ती सांगेल तसं करत गेल्या. पडद्याचा उजेड वाढवायचं बटण दाब. दाबलं. चार्जर काढ. काढला. आता चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धर. त्यांनी ते धरलं आणि आम्ही सगळ्यांनी मोठ्याने आकडे मोजले. मग सोडून पुन्हा एकदा दाबलं आणि पडदा उजळला.

"मम्मी, झाला ना चालू?"

"झाला," रंजनाबाई म्हणाल्या, फोन खाली ठेवला, दोन्ही हातांनी लॅपटॉप सरळ केला, आणि तो पुन्हा काळा झाला.

फोन लावला. तीस सेकंद मोजले. उजेड आला. फोन ठेवला. गेला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी भूमिकाच तिकडे हसत होती आणि हसता हसता म्हणत होती की मम्मी, तू फोन ठेवूच नकोस. पण एका हाताने फोन धरून कटोरीचा काप कसा करणार? तेवीस बायका तोवर एकमेकींशी गप्पा मारून निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप ओढणीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि एसटीने नंदुरबारला गेल्या. मी सोबत होते. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या नमनचं दुकान तिथल्या बाजारात आहे. दुकानावर अजून त्याच्या आजोबांच्या नावाची पाटी आहे, ‘चंपालाल किराणा व भुसार’, आणि आत काचेच्या कपाटात उघडलेले लॅपटॉप. मिरचीचा मोसम होता, बाजारातून ठसका येत होता, आणि नमन नाकाला रुमाल बांधून काम करत होता. तिशीचा, फार गंभीर माणूस. मारवाडी घरातला, पण गिऱ्हाइकाशी बोलतो आमच्यासारखंच.

त्याने लॅपटॉप उघडला. पडदा लागला. मिटला, उघडला. लागला. झोपवला, जागवला. लागला. मोबाइलच्या टॉर्चने पडद्यावर तिरपा उजेड टाकून बघितलं, आतला दिवा गेला असेल तर चित्र अंधूक दिसतं म्हणे. तसंही काही नव्हतं. आतली सगळी प्रणाली त्याने ताजी करून दिली, अर्धा तास वापरलं नाही तर झोपायचं ही सवयही बंद केली.

"मावशी, येले काहीच व्हयेल नही."

रंजनाबाईंनी स्वतः तिथे बसून उघडून बघितला. लागला. आम्ही घरी आलो. रंजनाबाईंनी क्लास सुरू केला, टेबलाशी बसल्या, लॅपटॉप उघडला. काळा.

त्या आठवड्यात आम्ही तीनदा नंदुरबारला गेलो. एसटीचा वाहक आम्हाला ओळखायला लागला आणि पिशवीकडे बघून "काय म्हणतो पेशंट?" असं विचारायला लागला. नमनसमोर लॅपटॉप शहाण्यासारखा वागायचा. तिसऱ्या खेपेला नमनने तो चाळीस वेळा उघडला-मिटला. मी मोजत होते. चाळीसही वेळा पडदा लागला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. दुकानात मागे बसलेल्या त्याच्या आजी, भंवरीबाई, माळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, याला सासर-माहेर कळतं. माहेरी हसतो, सासरी गेला की तोंड पाडतो." नमनला हसू आलं नाही. न सापडणारा दोष त्याच्या जिव्हारी लागला होता, आणि चेहऱ्यावरून तो दोन दिवस न जेवलेल्या माणसासारखा दिसत होता.

दुसरा रविवार आला. तो क्लास मोबाइलवरून करावा लागला. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि तो सारखा घसरत होता. सुरतेच्या बायकांना पाऊण वेळ छत दिसलं. एकीने भूमिकाला कळवलं की पंखा छान आहे, पण बाही काही कळली नाही.

शनिवारी दुपारी नमन स्वतः स्कूटरवर आला. दुकान बंद करून. पाठीवर पिशवी, तिच्यात नवा पडदा, वायरी, चिमटे. "आज याचा निकाल लावू," म्हणाला. आम्ही आठही जणींनी मशीन थांबवली. धर्मेंद्रभाऊ केळीच्या बागेतून आले होते, तेही चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

नमन टेबलाशी बसला. लॅपटॉप उघडला. लागला.

"आता तुम्ही बसा, मावशी."

रंजनाबाई बसल्या, नेहमीसारखे दोन्ही हात टेबलावर ठेवले. काळा.

नमनने डोळे चोळले. "उठा." तो बसला, बटण दाबलं. लागला. "बसा." काळा. "उठा." लागला. "बसा." काळा.

मागे पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही, कदाचित मीच असेन. मग ते पसरत गेलं. फुलीबाई म्हणाल्या, "आपन समद्याच तुले घाबरतस, तो बी घाबरस." धर्मेंद्रभाऊंनी चहाचा घोट घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तीस वरीस व्हयनात, मन्हं बी असंच शे. हाई समोर बसनी का मन्हं बोलनं बंद."

त्यावर आमच्यातली एक जण मशीनवरच आडवी झाली. नमनसुद्धा, जो कधी हसत नाही, तो रुमालाने तोंड झाकून खांदे हलवत होता. मग प्रत्येकीला प्रयोग करून बघायचा होता. मी बसले. लागला. फुलीबाई पदर सावरून, देवासमोर बसावं तशा बसल्या. लागला. त्यांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. धर्मेंद्रभाऊंनी उभ्याउभ्या एक बोट लावलं, तरी चालूच. रंजनाबाई बसल्या. काळा. आता आमचं पोट दुखायला लागलं होतं आणि कुणी कुणाकडे बघायची सोय नव्हती, बघितलं की पुन्हा सुरू.

एकट्या रंजनाबाई हसत नव्हत्या. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या, परातीतल्या स्क्रूंकडे बघितलं असेल तशा. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "कवयपासून शे?"

आम्ही डोळे पुसून पुढे सरकलो.

"दिवाळीपासून दोन महिने चालला," त्या म्हणाल्या. "संक्रांतीनंतर बिघडला. संक्रांतीनंतर मी काय नवीन केलं?" त्यांनी डावा हात मांडीवर घेतला, बटण दाबून पडदा लावला आणि उजवा हात लॅपटॉपवर ठेवला. पडदा लागलेलाच राहिला. हात काढला आणि डावा ठेवला. काळा.

नमन खुर्चीवरून अर्धवट उठला.

"थांब," रंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, बटण दाबून पडदा लावला. हात ठेवला. काळा. मग त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला. हा पट्टा भूमिकाने संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सुरतेहून पाठवलेला. त्याच्यावर बशीएवढी नव्हे, पण मोठ्या रुपयाएवढी लोखंडी चकती होती, आत लोहचुंबक. त्याआधी रंजनाबाई कापताना टाचण्या ओठांत धरायच्या, आणि बोलताना एखादी गिळतील अशी भूमिकाला धास्ती होती. पट्टा आल्यापासून टाचण्या मनगटावर चिकटून राहायच्या. क्लास सुरू झाला की पट्टा हातात, क्लास संपला की खुंटीला. नंदुरबारला जाताना त्या तो कशाला बांधतील?

पुन्हा बटण दाबून पट्टा काढलेला रिकामा डावा हात त्यांनी लॅपटॉपवर ठेवला. पडदा उजळलेलाच राहिला.

मग त्या उठल्या, दोन पावलं मागे सरकल्या, आणि तो पट्टा, टाचण्यांसकट, कुणीही समोर नसताना लॅपटॉपच्या डाव्या कडेला ठेवला. पडदा काळा. उचलला, बटण दाबलं. लागला. ठेवला. काळा.

नमनने कपाळाला हात लावला. "झाकण," तो म्हणाला. "मावशी, झाकणामा बारीक चुंबक ऱ्हास. झाकण मिटलं का तो खाली ये जागावर येस. तठे आतमा एक बारीक पुर्जा शे. त्याले चुंबक समजनं का लॅपटॉपले वाटस, झाकण बंद व्हयनं, आते झोपा."

"म्हणजे मी हात ठेवला की याला वाटायचं, झाकण मिटलं."

"हो. आनि तुम्ही हात उचलतच नव्हत्या. मंग उठी कसा?"

रंजनाबाईंनी पट्टा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मग खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांच्याकडे चार वर्षं शिकते आहे, पण असं हसताना कधी बघितलं नव्हतं. आवाज येत नव्हता, नुसत्या हलत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि हाताने इशारा करत होत्या की कुणीतरी पाणी द्या. पाणी आणायला मी उठले आणि टाचण्यांचा डबा लवंडला. दोनेकशे टाचण्या जमिनीवर पसरल्या. तेव्हा फुलीबाईंनी पट्टा उचलला, जमिनीवरून फिरवला, आणि सगळ्या टाचण्या जत्रेतल्या गर्दीसारख्या त्याला येऊन चिकटल्या. "हाऊ तं लई कामना शे," त्या म्हणाल्या, "लॅपटॉपलेच काढी टाका."

नमनने सगळ्यांना पुर्ज्याची नेमकी जागा दाखवली. मग प्रत्येकीने पट्टा ठेवून-उचलून बघितलं. धर्मेंद्रभाऊंनी तर दहा वेळा. शेवटी रंजनाबाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. नमन नवा पडदा, वायरी, चिमटे न उघडताच पिशवीत भरून निघाला. जाताना त्याच्या स्कूटरला केळीचा अख्खा घड बांधून दिला होता, आणि तो वळणापर्यंत स्वतःशीच मान हलवत गेलेला आम्ही बघितला. तिथून पुढे आठवडाभर त्याच्या दुकानात जो कोणी काळा पडदा घेऊन येई, त्याला तो आधी दोन्ही हात वर करायला लावायचा.

रविवारी चार वाजता अडतीस बायका जमल्या. पहिल्या दिवशीचा घोटाळा सुरतेत पसरला होता, आणि काही जणी नुसत्या गंमत बघायला आल्या असाव्यात. त्यांना गंमत मिळाली नाही. रंजनाबाईंनी मोकळ्या हातांनी कटोरी कापली, टाचण्या कपाटाच्या पत्र्याला लावलेल्या पट्ट्यावरून मी एकेक देत होते. मग त्यांनी भूमिकाच्या ऑफिसातल्या तीन जणींना एकेक करून उभं राहायला सांगितलं आणि पडद्यावर बघूनच त्यांची मापं सांगितली. तिकडे टेप लावली गेली. दोघींची बरोबर आली. तिसरीची कंबर दीड इंच जास्त निघाली तेव्हा तिने कबूल केलं की ती पोट आत घेऊन उभी होती. अडतीस बायका एकाच वेळी हसल्या की लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून काय आवाज येतो ते ऐकायला हवं होतं. दारातली शेळी उठून पळाली.

साडेपाचला क्लास संपला, पण कुणी जाईना. नवसारीच्या एक जसोदाबेन, साठीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर, त्यांनी आपलं कापड पडद्याजवळ आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बाही लावली होती.

"रंजनाबेन, आ बांय ऊंधी लागी गई," त्या म्हणाल्या.

खरंच, बाही उलटी लागली होती. शिवण बाहेर आणि कापडाची सुलट बाजू आत. आणि दुसरी बाहीही तशीच, म्हणजे निदान दोन्ही सारख्या. आम्ही इकडे तोंडात पदर कोंबला. जसोदाबेनही आमच्याकडे बघून हसत होत्या, पण डोळ्यांत थोडी धाकधूक होती.

रंजनाबाई पडद्याजवळ वाकल्या. शुद्ध मराठी नाही वापरली. गुजरातीत, हळू आवाजात सांगितलं की टाके छान आलेत, सरळ आलेत, फक्त बाजू चुकली. उसवा आणि पुन्हा लावा.

"आत्ता?" जसोदाबेननी विचारलं.

"आत्ता. मी बसले आहे."

बाकीच्या बायका एकेक करून निघून गेल्या. पडद्यावर एकच चौकट उरली. जसोदाबेन उसवत होत्या, रंजनाबाई खुर्ची पुढे ओढून बघत होत्या, आणि मध्येच एखादा शब्द बोलत होत्या. धर्मेंद्रभाऊंनी आत येऊन आम्हा सगळ्यांना चहा विचारला. मी दहा कप मांडले, आणि मग जसोदाबेनचं काम लांबणार असं दिसल्यावर दुसऱ्या फेरीपुरतं आधण वाढवलं.